स्टीलचा पॅन बिडासारखा मुरतो का?

आमचा बिडाचा तवा सध्या शेजारच्या अक्कांकडं आहे. त्यांच्याकडं नातवाचं बारसं होतं, पाहुणे लई, म्हणून नेला तो नेला, आणि परत मागायचा कसा म्हणून आम्ही गप्प. त्यातनंच हे सगळं रामायण झालं. लेकीनं पुण्याहून स्टीलचा एक पॅन पाठवलाय, तीन थरांचा, हातात घेतला की जड लागतो, आत तोंड दिसेल इतका चकचकीत, आणि रविवारी सकाळी आमच्या मंडळींनी त्यावर डोसा घातला. घातला तो तिथंच बसला. उलथनं खाली सरकेना, जोर लावला तर वरचा पापुद्रा उलथन्यावर आणि खालचा पॅनला, शेवटी खरवडून खरवडून त्याचा चुरा खाल्ला चटणीसंगं. "बोहारीण आली की देऊन टाकतो बघा हे," मंडळी म्हणाली. मी म्हटलं अगं बोहारीण कपडे घेऊन भांडी देते, भांडं घेऊन तुला काय देणार ती.

संध्याकाळी लेकीचा फोन. "पप्पा, स्टीलपण आधी सीझन करावं लागतं की, तेल लावून तापवायचं, मग त्याची छिद्रं बंद होतात आणि काही चिकटत नाही." व्हिडिओ पण पाठवला तिनं, त्यात पण तेच, धातूला बारीक छिद्रं असतात, गरम केलं की ती मिटतात. आता मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, हे छिद्रं मिटायचं काय मला पटेना. शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवायचं असलं की आम्ही काय करतो, बेअरिंग शंभर-एकशेदहा डिग्रीपर्यंत तापवतो, ते फुगतं, त्याचं भोक *मोठं* होतं, आणि गपकन शाफ्टवर सरकतं, थंड झालं की आवळून धरतं. धातू तापला की भोक बारीक होत नाही, मोठं होतं. पॅनवरचा ओरखडा पण त्याच धातूतला, तो कसा मिटेल? हिशोबच करायचा तर स्टील २०० डिग्रीनं जास्त तापलं की हजारात साडेतीन भाग फुगतं, म्हणजे १० मायक्रॉनचा ओरखडा असला तर तो १०.०३ मायक्रॉन होणार. मिटायचं राहू दे बाजूला, उलट रुंदच झाला की. शिवाय लाटलेल्या स्टीलच्या पत्र्याला स्पंजासारखी छिद्रं नसतातच, पॉलिशच्या बारीक रेघा असतात तेवढ्या.

पण गंमत अशी की कारण चुकीचं असलं तरी व्हिडिओतली कृती बऱ्यापैकी बरोबर आहे. पॅन तापवून मग तेल घातलं की खरंच कमी चिकटतं. म्हणून म्हटलं जरा मुळातनं बघूया, बीड कसं मुरतं, स्टील का मुरत नाही, आणि मग स्टीलचं करायचं काय.

बिडाचं आधी. आमच्याकडं फाउंड्र्या चिक्कार, त्यामुळं बीड कसं ओततात ते बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वाळूच्या साच्यात ओतलेलं असतं म्हणून तव्याचं अंग खडबडीत, बोट फिरवलं तरी कळतं. त्यात कार्बन अडीच-तीन टक्क्यांच्या वर, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. अशा अंगावर तेलाचा पातळ हात मारून तापवलं की तेल नुसतं वाळत नाही, त्याचं रूपच बदलतं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून तेलाचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि कडक काळा पापुद्रा तयार होतो, साध्या भाषेत प्लास्टिकच म्हणा की त्याला. क्रिकेटच्या बॅटला आपण जवसाचं तेल लावून ठेवायचो आणि चार दिवसांनी ते बोटाला लागायचं नाही, तेच हे, फक्त तव्यावर उष्णतेनं चार दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं. आणि तेलाच्या किटलीच्या बाहेर ओघळ येऊन मेणचट थर बसतो ना, साबणानं पण निघत नाही, तो याच जातीचा, फक्त अर्धवट झालेला. हा पापुद्रा बिडाच्या खडबडीत अंगात पाय रोवून बसतो, दर डोशाला जरा जरा वाढतो. आमची आई अर्धा कांदा उलथन्याच्या टोकाला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायची, अक्का वांग्याचं देठ वापरतात, काम दोघींचं एकच, तेल भरपूर नाही तर पुसल्यासारखं लागलं पाहिजे. जाड लागलं की पापुद्रा होत नाही, चिकटा होतो.

आता स्टील. हे स्टील जन्मालाच न गंजण्यासाठी आलंय. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या आतनं झिजू नयेत म्हणून पोलादात काय काय मिसळून बघत होता, त्यात जवळपास १३ टक्के क्रोमिअम घातलेला एक नमुना निघाला तो गंजेना. क्रोमिअम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की स्टीलच्या अंगावर क्रोमिअम ऑक्साइडची आपोआप एक साय धरते, दोन-तीन नॅनोमीटरची, म्हणजे डोक्याच्या केसाचे वीस हजार उभे काप केले तर त्यातला एक काप. ओरखडा पडला तर हवा लागताच ती साय परत धरते. म्हणून गंज नाही. पण म्हणूनच तेलाचा पापुद्रा पण तिथं नीट टिकत नाही, खाली गुळगुळीत, कुणाशी फारसं न बोलणारी साय, त्यावर तो नुसता बसलेला असतो, धरून नसतो. एकदा साबण आणि घासणी फिरली, किंवा टोमॅटो-चिंचेची आमटी उकळली की निघाला. काही ठिकाणी निघतो काही ठिकाणी राहतो, आणि मग पॅन पिवळ्या डागांचा आणि चिकट, हे तर त्याहून वाईट.

म्हणजे लेकीला मी सांगितलं ते एवढंच, बीड एकदा मुरवलं की वर्षानुवर्षं पुरतं, स्टीलला मात्र रोज स्वयंपाकाच्या वेळी तयार करावं लागतं, आणि ते तयार होतं ते मुख्यतः तापमानानं. त्याला हवं तर सीझनिंग म्हणा, माझी हरकत नाही, पण ते एका जेवणापुरतं.

चिकटतं का ते बघा. कच्चं अंडं, मासा, पनीर यात प्रोटीन असतं, गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं. गरम व्हायला लागलं की तो दोरा सुटतो, आणि सुटलेली टोकं समोर जे सापडेल त्याला पकडतात, धातू सापडला तर धातूला. पॅन कोमट असला तर त्याला पकडायला निवांत वेळ मिळतो. पॅन आधीच कडक तापलेला आणि मध्ये तेलाचा थर असला तर अंड्याचं खालचं अंग धातूपर्यंत पोचायच्या आतच सेट होतं, वर त्यातलं पाणी वाफ होऊन खालनं जरा उचलून धरतं. तेल पण थंड असताना घट्ट असतं, तापलं की पातळ होऊन सगळ्या रेघांत शिरतं, थंड पॅनवर घातलेलं तेल बेटं करून बसतं आणि मधल्या कोरड्या जागेवर अंडं चिकटतं. डोशाचं, बटाट्याचं दुखणं वेगळं, तिथं स्टार्च असतो, पाणी शोषून खळीसारखा होतो आणि वाळला की कागद चिकटवावा तसा चिकटतो.

मग तापलाय हे ओळखायचं कसं? इथं पाण्याचा थेंब कामाला येतो. रिकामा कोरडा पॅन मध्यम गॅसवर ठेवा, आमच्या पॅनला साधारण तीन मिनिटं लागतात, तुमच्या गॅसवर कमी-जास्त होईल, आणि ओल्या बोटानं एक थेंब झटका. पहिल्यांदा तो नुसता पसरून उडून जाईल, अजून वेळ आहे. मग चर्र करून फुटेल आणि क्षणात नाहीसा होईल, अजून नाही. मग एक क्षण असा येतो की थेंब फुटतच नाही, पाऱ्याच्या गोळीसारखा पॅनभर पळत सुटतो. मंडळीला दाखवलं तर ती दोन मिनिटं थेंबच टाकत बसली, डोसा विसरून. हे १७५६ साली लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं लिहून ठेवलंय, त्यानं लोखंडी चमचा लालबुंद तापवून त्यात पाण्याचे थेंब सोडून बघितले होते. थेंबाच्या खालचं पाणी इतक्या झटकन वाफ होतं की वाफेची गादी तयार होते आणि थेंब त्या गादीवर तरंगतो, धातूला टेकतच नाही. स्टीलवर हे २०० डिग्रीच्या आसपास व्हायला लागतं. पाणी उकळतं ते शंभरला, आमच्या बेळगावात तर अठ्ठ्याण्णवच्या आसपासच, उंचीवर आहोत ना आम्ही, पण गोळी पळायला मात्र त्याच्या दुप्पट तापलेला पॅन लागतो. लोक इथं एक चूक करतात, त्यांना वाटतं थेंब पळाला म्हणजे पॅन नॉनस्टिक झाला. तसं नव्हं. थेंब हा फक्त थर्मामीटर आहे, फुकटातला. आणि एका थेंबाच्या दहा-वीस बारीक गोळ्या होऊन सैरावैरा पळायला लागल्या तर जास्तच तापलाय, गॅस बंद करून थांबा जरा.

गोळी पळाली की पाणी पुसून घ्या, नीट पुसा, राहिलेला थेंब तेलात उडाला तर डोळ्यात जाईल. गॅस बारीक. आता तेल, दोन चमचे, पॅन गोल फिरवून सगळीकडं पसरवा. तेल पाण्यासारखं हलायला लागलं आणि वर बारीक लाटा दिसल्या की बास. धूर यायला लागला तर पुढं गेलात. इथं तेल कुठलं ते बघावं लागतं. आमच्याकडं घाण्याचं शेंगतेल, वासाला एक नंबर, पण न गाळलेलं तेल १६० डिग्रीच्या आसपासच धूर सोडतं, आणि आपण पॅन तापवलाय २०० ला, मग ते पॅनमध्ये पडताच जळकट वास मारणार. रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूल २२५-२३० पर्यंत तग धरतं. साजूक तूप २५० पर्यंत. लोणी नको, त्यातलं दूध करपतं. घाण्याचंच वापरायचं असलं तर थेंब पळाल्यावर गॅस बंद करून पॅन मिनिटभर निवू द्या, मग घाला.

मग पदार्थ, आणि इथं आपण बायका-पुरुष सगळेच घाई करतो. फ्रिजमधनं काढलेला गार, ओला मासा पॅनवर टाकला की पॅन गपकन गार होतो, पाणी सुटतं, आणि चिकटला. कापडानं कोरडा पुसा, रव्यात घोळवा, टाका आणि हात लावू नका. हेच सगळ्यात अवघड आहे बघा, हात न लावणं. सुरवातीला तो चिकटतोच, त्यात घाबरायचं काही नाही, तीन-चार मिनिटांत खालनं खरपूस झाला की आपोआप सुटतो, पॅन हलवला तर सरकतो. सुटत नसेल तर अजून झालेला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कारवारचा बांगडा आमच्याकडं याच पॅनवर आता साल न फाटता निघतो, आणि हे मी बढाई म्हणून नाही सांगत, पहिल्या वेळी निम्मा बांगडा पॅनलाच होता. अंड्याला मात्र २०० डिग्री जास्त होतात, कडा जाळीदार करपतात, म्हणून तेल घातल्यावर अर्धा मिनिट गॅस अगदी बारीक ठेवून मग फोडा. बटाट्याच्या काचऱ्या दोन पाण्यातनं धुवून, पिठूळ पाणी टाकून, पुसून. पोह्याचं फार काही नाही, फोडणी बसली की तेल असतंच, फक्त पोहे घातल्यावर गॅस मोठा ठेवू नका.

आणि डोसा? डोशाला बीडच. जमतं स्टीलवर, लोक करून दाखवतात, पण पीठ पसरायला तवा जरा निवलेला लागतो, स्टील निवलं की चिकटतं, ह्या दोन गोष्टींचं भांडण मिटवत बसण्यापेक्षा बिडाचा तवा काढावा. अक्का तर म्हणतात, हंचु बिसी आग्ली, मग बाकीचं बघू. तवा तापू दे आधी.

तरी ज्यांना एकदा तरी व्हिडिओसारखं तेल पाजून बघायचंच आहे त्यांनी असं करा. नवीन पॅन साबणानं धुवून घ्या, कारखान्यातली पॉलिशची घाण असते, पहिल्या पुसण्याला फडकं काळं होतं. पूर्ण कोरडा करा. मध्यम गॅसवर तापवा, रिफाइंड तेलाचे दोन-तीन चमचे घाला, कडांपर्यंत फिरवा, पहिला बारीक धूर दिसला की गॅस बंद. तसाच पूर्ण गार होऊ द्या. तेल ओतून काढा, सुती फडक्यानं पुसा, इतकं पुसा की तेल लावलंय असं वाटू नये. झालं. यावर दोन-चार ऑम्लेटं झकास सरकतात. साबण लावला की संपलं, परत करा. रोज अंडं करणाऱ्यानं एक छोटा पॅन यासाठीच वेगळा ठेवला आणि नुसता गरम पाण्यानं धुतला तर फायदा आहे, सगळ्या कामाच्या कढईला हे करण्यात काही अर्थ नाही, संध्याकाळी त्यात आमटीच होणार.

तीन थरांचं का घ्यायचं तेही सांगतो, कारण दुकानात नुसतं जाड बूड दाखवून पण विकतात. स्टील उष्णता वाहून न्यायला एकदम आळशी, अॅल्युमिनिअमच्या साधारण पंधरावा हिस्सा. पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध तापवलं की बर्नरच्या भोकांची गोल नक्षी बुडाला उमटते, दूध तिथंच लागतं, बाकी सगळं गार. म्हणून मध्ये अॅल्युमिनिअमचा थर घालतात, आत-बाहेर स्टील. ते अॅल्युमिनिअम ज्यापासनं काढतात तो अॅल्युमिना आमच्या यमनापूरच्या कारखान्यात होतो, म्हणजे तसं बघितलं तर आपल्याच गावचा माल. खालचा थर लोहचुंबकाला चिकटला तर इंडक्शनवर चालेल, आतला बऱ्याचदा चिकटत नाही, त्यात निकेल असतं, तसाच असतो तो, दुकानदाराशी भांडू नका.

शेवटी धुण्याचं, कारण घासण्यावरनंच आमच्या घरात जास्त वाद होतात. कडक तापलेल्या पॅनवर नळ सोडायचा नाही, बूड वाकतं आणि मग तो ओट्यावर भिंगरीसारखा फिरतो, परत सरळ होत नाही. जरा निवल्यावर अर्धी वाटी पाणी घालून परत गॅसवर ठेवा, खालची सगळी खरवड सुटते, मासा नसेल तर ते पाणी रश्शात घाला, चव त्यातच असते. जळालं असेल तर पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा, दहा मिनिटं उकळी, लाकडी उलथन्यानं निघतं. इंद्रधनुष्यासारखे निळे-जांभळे डाग म्हणजे पॅन खराब झाला असं नाही, जास्त तापल्यानं ती क्रोमिअमची साय जाड झाली आणि उजेड तिच्यावरनं वेगळा परततो, लिंबाची फोड फिरवा, जातात. बोअरच्या पाण्यानं पांढरे ठिपके पडतात तेही लिंबानंच जातात. मिठाला मात्र जपा. गार पाण्यात मीठ घालून ठेवलं की ते तळाला बसतं आणि त्या सायीला भोकं पाडतं, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ते कशानंच भरून येत नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला, झालं.

काल संध्याकाळी मंडळीनं त्या पॅनवर थेंब पळवला, मग तूप, मग पनीर, आणि एक फोड पण चिकटली नाही. बोहारणीचं नाव परत निघालेलं नाही. पण अक्कांकडनं बिडाचा तवा आणायला आता मीच जायचं असं ठरलंय, जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सकाळी कुंदा आणून ठेवलाय.